कॅरिअर (मांजर नेण्याची पिशवी किंवा पेटी) दिसताच मांजरी पलंगाखाली जाते. तिला दवाखान्यात न्यावे कसे?

प्रश्न: निळीशाई

माझ्याकडे अकरा वर्षांची मांजरी आणि चार वर्षांचा बोका आहे. मांजरीला मूत्रपिंडाचा विकार असल्याचे निदान झाले असून तो सध्या प्राथमिक अवस्थेत आहे. पशुवैद्यांनी यापुढे दर तीन महिन्यांनी रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासून घेण्यास सांगितले आहे. आतापर्यंत वर्षाकाठी एकदा, लसीपुरता येणारा प्रसंग यापुढे वारंवार येणार आहे आणि माझी खरी अडचण तीच आहे.

कपाटातून कॅरिअर काढल्याचा आवाज कानी पडला की ती पलंगाखाली, भिंतीला लागून, हात पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात जाऊन बसते. तेथून बाहेर काढलीच, तर कॅरिअरच्या तोंडाशी चारही पाय फाकवून अशी अडून राहते की दोघांनी मिळूनही तिला आत ढकलता येत नाही. वाटेत ती सतत ओरडते आणि तिची लाळ गळते. दवाखान्यात पोहोचल्यावर मात्र ती एकदम गप्प होते, आणि ते गप्प होणे मला ओरडण्यापेक्षा अधिक काळजीचे वाटते. घरी परतल्यावर बोका तिच्यावर फिसकारतो, त्यामुळे पुढचा दिवसही तणावातच जातो. एरवी ही मांजरी अत्यंत सौम्य आहे आणि तिने घरातील कोणालाही कधी ओरबाडलेले नाही.

सध्याचे कॅरिअर कापडी असून समोरच्या बाजूने चेनने उघडते. पुढील तपासणी साधारण दोन महिन्यांनी आहे. एवढ्या वयाच्या मांजरीला नव्याने सवय लावता येते का? काही जण मानेची कातडी धरून उचलण्याचा सल्ला देतात, तो योग्य आहे का? तिला जाण्यापूर्वी गुंगीचे औषध दिले, तर मूत्रपिंडाच्या दृष्टीने ते सुरक्षित असेल का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: मिशीदार

वयाची अडचण नाही. प्रौढ मांजरेही शिकतात, फक्त त्यांचा वेग त्यांनीच ठरवायचा असतो. कॅरिअर दिसणे आणि दवाखान्यात जाणे या दोन गोष्टींची सांगड तिच्या मनात इतकी घट्ट बसली आहे की आता नुसता कपाटाचा आवाजही तिला पुरेसा होतो. वर्षभर अडगळीत असलेली वस्तू ज्या दिवशी बाहेर येते, त्याच दिवशी आपल्याला पकडले जाते, टोचले जाते, हा तिने काढलेला निष्कर्ष तिच्या अनुभवानुसार अगदी बरोबर आहे. म्हणून कॅरिअर घरात वर्षभर उघडे, डोळ्यांसमोर राहिले पाहिजे आणि त्याच्या आसपास बहुतेक वेळा काहीतरी चांगले, किंवा निदान काहीच वाईट नाही, असे घडत राहिले पाहिजे.

माझी पहिली सूचना अशी की, कॅरिअरच बदलावे. टणक प्लास्टिकचे, वरचा अर्धा भाग सहज सुटा होणारे आणि शक्य असल्यास वरूनही उघडणारे कॅरिअर घ्यावे. मांजरीला आत उभे राहता आणि वळता यावे एवढे ते मोठे असावे. त्याहून फार मोठे असल्यास प्रवासात ती आत घसरत राहते. कापडी कॅरिअर हलके असते हे खरे, पण धडपडणाऱ्या मांजरीला आत घेताना त्याचे छत खाली बसते आणि तोंड आक्रसते, त्यामुळे काम अधिकच अवघड होते. जुने कॅरिअर टाकून मात्र देऊ नये. त्याचे कारण पुढे सांगतो.

नव्या कॅरिअरचा केवळ खालचा भाग, झाकण आणि दार काढून, तिच्या नेहमीच्या आवडत्या जागी भिंतीलगत ठेवावा. त्यात नवे कोरे अंथरूण न घालता ती ज्यावर रोज झोपते तेच, न धुतलेले कापड घालावे, कारण मांजरीच्या दृष्टीने एखादी जागा ओळखीची ठरते ती मुख्यतः स्वतःच्या वासामुळे. त्यानंतर त्या वस्तूकडे आपण मुळीच लक्ष देऊ नये. तिला उचलून आत ठेवणे, ती आत गेली की कौतुकाने धावत जाणे, शेजारी बसून टक लावून पाहणे, हे सारे टाळावे. खाणे प्रथम कॅरिअरपासून थोडे दूर, मग कडेजवळ, मग आत द्यावे. ती खाण्यास कचरू लागली तर अंतर कमी करण्यात आपण घाई केली असे समजून एक पाऊल मागे घ्यावे. मूत्रपिंडासाठी तिला पथ्याचा आहार सांगितला असेल तर वेगळा खाऊ न देता त्याच आहारातील रोजचा वाटा या कामी वापरावा. तो किंचित कोमट केल्यास वास अधिक सुटतो आणि भूक मंदावलेल्या मांजरालाही तो ओढून आणतो.

ती आत बसू लागली, आणि मुख्य म्हणजे आपण होऊन झोपू लागली, की झाकण बसवावे. पुढे दार लावावे, पण ते उघडेच ठेवावे. मग ती खात असताना दार क्षणभर मिटून, ती अस्वस्थ होण्यापूर्वीच उघडावे. बंद दाराला ती सरावली की कॅरिअर जमिनीपासून थोडे उचलून पुन्हा खाली ठेवणे, दुसऱ्या खोलीत नेऊन परत आणणे, इंजिन बंद असलेल्या गाडीत काही वेळ ठेवणे आणि शेवटी छोटा फेरफटका मारून घरी परतणे, असा क्रम ठेवावा. प्रत्येक वेळी काही मिनिटांहून अधिक वेळ घेऊ नये आणि तिचा उत्साह टिकून असतानाच थांबावे.

व्हिएन्ना येथील पशुवैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी याच विषयावर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २२ मांजरे होती. त्यांपैकी निम्म्या मांजरांना सहा आठवड्यांत २८ छोट्या सत्रांमधून कॅरिअरची सवय लावण्यात आली. सवय लावलेल्या मांजरांत गाडीच्या प्रवासात तणावाची लक्षणे कमी दिसली आणि त्यांची तपासणीही कमी वेळात उरकली. आपल्या हाती दोन महिने आहेत, म्हणजे वेळ पुरेसा आहे.

आता जुन्या कॅरिअरविषयी. सवय लागत असतानाच अचानक दवाखान्यात जाण्याची वेळ आली आणि तिला नव्या कॅरिअरमध्ये बळाने कोंबले, तर आधीचे सारे श्रम एका दिवसात वाया जातात. असा प्रसंग आलाच तर तो जुन्या कॅरिअरच्या माथी मारावा आणि नवे निष्कलंक ठेवावे.

मांजरांच्या गालांतून स्रवणाऱ्या गंधद्रव्याची कृत्रिम प्रतिकृती असलेले स्प्रे मिळतात. त्यांचा उपयोग सर्व मांजरांवर सारखा होत नाही आणि माझ्या मते तो सवयीला पर्याय ठरत नाही. पण वापरायचा असल्यास मांजर आत नसताना अंथरुणावर मारून साधारण पंधरा मिनिटे थांबावे, कारण त्यातील अल्कोहोलचा उग्र वास आधी उडून जाणे आवश्यक असते.

प्रतिसाद: उंबरठा

वरील सल्ला उत्तम आहे, परंतु घरात बोकाही आहे हे विसरू नये. बोक्याच्या मूत्रमार्गात अडथळा आला, म्हणजे तो वारंवार लघवी-शीसाठी माती भरलेल्या ट्रेमध्ये बसतो आहे, जोर करतो आहे, पण लघवी होत नाही असे दिसले, तर त्याला त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासाला, दवाखान्यात न्यावे लागते. उशीर जिवावर बेततो. त्या वेळी सहा आठवड्यांच्या सवयीची गोष्ट उपयोगाची नसते. म्हणून तातडीची पद्धत वेगळी ठरवून ठेवावी आणि ती घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी.

पलंगाखालून ओढून काढण्याची वेळच येऊ देऊ नये. जाण्याचे ठरले की प्रथम पलंगाखालची जागा खोके किंवा उशा लावून बंद करावी आणि लपण्यास जागा नसलेली एक छोटी खोली, बहुधा न्हाणीघर, निवडून कॅरिअर तेथे आधीच नेऊन ठेवावे. मांजराला नंतर तेथे न्यावे आणि दार लावून घ्यावे. घरभर पाठलाग केलेले मांजर हाती लागेपर्यंत इतके घाबरलेले असते की पुढचे काहीच सुरळीत होत नाही.

समोरून उघडणारे कॅरिअर असेल तर ते उभे करून तोंड वरच्या दिशेला आणावे आणि मांजराला मागच्या पायांकडून आत सोडावे. पुढे काय आहे ते दिसत नसल्याने पाय फाकवून अडून राहणे त्याला जमत नाही. कॅरिअर नंतर अगदी सावकाश आडवे करावे. वरून उघडणारे असल्यास मांजराला मोठ्या टॉवेलमध्ये मान, पुढचे पाय आणि पोट झाकले जाईल असे गुंडाळून टॉवेलसह आत ठेवावे आणि टॉवेल तसाच राहू द्यावा. हे काम एकाच व्यक्तीने करावे. चौघांच्या कोलाहलात मांजर निसटते आणि कोणाला तरी चावते.

मानेच्या कातडीविषयी माझे मत स्पष्ट आहे: धरू नये. पिल्लांना त्यांची आई तशी उचलते, तीही केवळ पहिल्या काही आठवड्यांत. प्रौढ मांजराचे वजन त्या कातडीवर पेलण्याजोगे नसते आणि तशा पकडीत ते निपचित झाले तरी ते शांत झाले असे म्हणता येत नाही. आंतरराष्ट्रीय आणि अमेरिकी मार्जारवैद्यकीय संघटनांनी २०२२ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही ही पद्धत टाळण्यास सांगितले आहे. शिवाय आपली मांजरी अकरा वर्षांची आहे. या वयात सांधेदुखी सर्रास आढळते आणि ती वरून सहसा दिसत नाही. धरल्यावर ती जो प्रतिकार करते, त्यात भीतीइतकाच वेदनेचाही वाटा असू शकतो.

निळीशाई

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सुटे झाकण असलेले नवे कॅरिअर आणले आहे आणि काही दिवसांतच ती त्याच्या खालच्या भागात आपण होऊन बसू लागली. दुपारची झोप आता बहुतेक वेळा तेथेच होते. मात्र झाकण बसवताच ती उठून जाते आणि त्या दिवशी पुन्हा तिकडे फिरकत नाही. येथे काय करावे? तसेच औषधाच्या प्रश्नावर कोणी अधिकाराने सांगू शकल्यास बरे होईल. वाटेत गळणारी लाळ ही भीतीमुळे की प्रवास बाधतो म्हणून, हे कसे ओळखावे?

प्रतिसाद: पशुवैद्यक

झाकण ही बहुतेकांची अडचण असते, कारण एका क्षणी मोकळी असलेली जागा दुसऱ्या क्षणी गुहा होते. मधले टप्पे वाढवावेत. प्रथम खालच्या भागाच्या एका टोकावर टॉवेल पांघरावा आणि काही दिवसांनी तो पुढे सरकवत न्यावा. त्यानंतर झाकण ठेवावे, पण त्याच्या खिट्ट्या लावू नयेत. पुष्कळ मांजरे झाकणापेक्षा त्या खिट्ट्यांच्या खटक्याला दचकतात. तो आवाज आधी दुसऱ्या खोलीतून आणि ती खात असताना ऐकवून घ्यावा. या श्रमाचा एक लाभ असा की दवाखान्यात झाकण काढून तिला खालच्या भागात बसलेली असतानाच तपासता येते. तिला बाहेर ओढावे लागत नाही आणि कॅरिअर उलटे करून झटकण्याचा अघोरी प्रकार तर कोणी करूच नये.

औषधाविषयी. या कामासाठी सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे गॅबापेंटिन. ते साधारणपणे निघण्यापूर्वी दोन ते तीन तास दिले जाते. त्याने भीती उतरते आणि झोपाळूपणा येतो; काही मांजरांची चाल काही तास अडखळते, म्हणून त्या दिवशी त्यांना उंचावर चढू देऊ नये. हे औषध मूत्रपिंडांवाटे शरीराबाहेर जाते. त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असलेल्या मांजरात ते अधिक काळ टिकून राहते आणि मात्रा कमी करावी लागते. आपल्या मांजरीला ते चालणारच नाही असे नाही, परंतु मात्रा तिचे ताजे अहवाल पाहून तिच्या पशुवैद्यांनीच ठरवावी आणि पहिली मात्रा प्रवास नसलेल्या दिवशी घरी देऊन परिणाम पाहावा. माणसांसाठीचे गॅबापेंटिनचे द्रावण घरात असले तरी ते वापरू नये. अशा काही द्रावणांत झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य असते, ते कुत्र्यांना विषारी असून मांजरांतही टाळलेले बरे. प्रवास आणि दवाखान्याच्या भेटीतील भीतीसाठी मांजरांकरिता खास तयार केलेले प्रिगॅबालिनचे द्रावणही आहे, त्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये मान्यता दिली. तेही मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडत असल्याने तीच सावधगिरी लागू होते. एसप्रोमाझिन हे जुने औषध एकटे देऊ नये. त्याने शरीर ढिले पडते, पण भीती तशीच राहते, आणि घाबरलेल्या प्राण्याला हालचालही करता येऊ नये यासारखी वाईट अवस्था नाही.

आपल्या बाबतीत हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. भीतीमुळे मांजराचा रक्तदाब वाढतो आणि रक्तातील साखरही चढते. मूत्रपिंडाच्या रुग्णात रक्तदाबाच्या आकड्यावरून आयुष्यभराचे औषध सुरू करायचे की नाही हे ठरते. अमेरिकेतील पशुवैद्यकीय तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या निकषांनुसार वरचा रक्तदाब १६० किंवा अधिक असल्यास तो उच्च आणि १८० पासून पुढे तीव्र मानला जातो. पाय फाकवून, झटापट करून आणलेल्या मांजरीचा १७० हा आकडा खरा किती आणि भीतीचा किती, हे मोजणाऱ्याला सांगता येत नाही. म्हणून दवाखान्यास आधी कळवून शांत खोली मागावी, तेथे तिला पाच-दहा मिनिटे स्थिरावू द्यावे, रक्तदाब सर्वांत आधी, म्हणजे सुई टोचण्यापूर्वी, मोजण्याची विनंती करावी. पहिला आकडा सोडून पुढील पाच ते सात आकड्यांची सरासरी घेण्याची पद्धत आहे. शामक औषध दिले असल्यास ते मोजणाऱ्यास अवश्य सांगावे.

लाळेबाबत: लाळेबरोबर वारंवार ओठ चाटणे, ओकारी किंवा वाटेतच लघवी-शी होणे असे प्रकार असतील तर प्रवास बाधत असण्याची शक्यता अधिक. वाटेतील काही मिनिटांचे चित्रीकरण पशुवैद्यांना दाखवावे, वर्णनापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. प्रवास बाधत असेल तर त्यावर मॅरोपिटंट नावाचे मळमळीचे औषध आहे. प्रवासापूर्वी काही तास पोट रिकामे असणे हिताचे ठरते, पण उपास किती वेळ हे विचारूनच ठरवावे, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाचे पाणी कोणत्याही कारणाने बंद करू नये.

गाडीत कॅरिअर पुढच्या आसनाच्या मागे, खाली, सपाट आणि न हलेल असे ठेवावे. चालताना ते मुठीने धरून झुलवत न नेता खालून दोन्ही हातांनी छातीशी धरावे. वरून पातळ कापड पांघरावे; हवा मात्र खेळती राहिली पाहिजे. दवाखान्यात ते कुत्र्यांच्या नाकासमोर जमिनीवर ठेवू नये, आणि प्रतीक्षा लांबणार असेल तर गाडीतच थांबून बोलावणे आल्यावर आत जावे, गाडी थंड आणि मांजरीसोबत कोणीतरी असेल तरच. तोंड उघडे टाकून धापा टाकणे हे मांजरात सामान्य नसते. तसे दिसल्यास तिला स्पर्श न करता शांत, थंड जागी ठेवावे, आणि काही मिनिटांत ते थांबले नाही तर तातडीने पशुवैद्यांना कळवावे. दवाखान्यात ती गप्प होते असे आपण लिहिले आहे. आपली शंका रास्त आहे. थिजून बसणे हेही भीतीचेच लक्षण आहे आणि तिला तपासणाऱ्यांना ते आधी सांगून ठेवणे योग्य.

निळीशाई

रक्तदाबाची बाजू माझ्या लक्षातच आलेली नव्हती. दवाखान्याशी बोलून शांत वेळ ठरवून घेते. बोक्याच्या फिसकारण्याचे तेवढे राहिले.

प्रतिसाद: मिशीदार

बोका तिला ओळखत नाही असे नव्हे, पण तिच्या अंगाला येणारा औषधांचा, स्पिरिटचा आणि इतर प्राण्यांचा वास त्याला परका वाटतो, आणि मांजरांची ओळख डोळ्यांपेक्षा नाकावर अधिक चालते. घरी आल्यावर तिला थेट त्याच्यासमोर सोडू नये. एका वेगळ्या खोलीत पाणी, ट्रे आणि ओळखीचे अंथरूण देऊन तिला अंग चाटू द्यावे, झोपू द्यावे. गॅबापेंटिन दिले असेल तर तिची चाल पूर्ववत होईपर्यंत दार बंदच असावे, कारण झोकांड्या खाणारे मांजर पाहून दुसरे अधिकच बिथरते. त्यानंतर दोघांना बंद दाराच्या दोन बाजूंना खाणे द्यावे आणि ते निवांतपणे खात असतील तरच दार थोडे उघडावे. त्यांना उचलून एकमेकांसमोर धरू नये. खरी मारामारी झाली, तर काही दिवस वेगळे ठेवून नव्या मांजराची ओळख करून देतात तशी पुन्हा ओळख करून द्यावी.

बोक्यालाही याच काळात त्याच्या स्वतंत्र कॅरिअरची सवय लावून टाकावी. दोघांना एकाच कॅरिअरमध्ये नेण्याचा मोह होतो, पण घाबरलेली दोन मांजरे अरुंद जागेत एकमेकांवर राग काढतात.

प्रतिसाद: उंबरठा

एक भर घालतो. वाटेत कॅरिअर घाण झाले तर ते फिनाईलने धुऊ नये. त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्यांचा मांजराच्या यकृताला नीट निचरा करता येत नाही आणि ती मांजरांना विषारी ठरतात. अमोनिया असलेल्या द्रावणाचा वास तर त्यांना लघवीसारखाच वाटतो. साधा साबण आणि पाणी, डाग राहिल्यास लघवीसाठी मिळणारे एन्झाइमयुक्त द्रावण, आणि पूर्ण वाळल्यावर आत पुन्हा तिचे तेच जुने कापड.